दोघींचं काम

बारकी हे नाव तिला पडलं तेव्हा ती खरोखरच बारकी होती. आई गेली आणि मावशीने तिला स्वतःच्या घरी आणलं, त्या वेळी खुर्चीवर बसवलं तर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पुढे ती मावसबहिणीपेक्षा चांगली वीतभर उंच झाली, तरी नाव तेच राहिलं. मावशीचे यजमान, म्हणजे काका, बस चालवायचे. ड्युटी संपवून घरात शिरले की अगदी तिच्या पुढ्यात उभे राहून म्हणायचे, "आमची बारकी कुठे दिसत नाही ती?" आणि स्वतःच खो खो हसायचे.

मावसबहीण, म्हणजे ताई, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. शाळा संपल्यावर ताईला चित्रकलेचं काहीतरी शिकायचं होतं, पण दोघींचं शिक्षण एकदम झेपणार नव्हतं. म्हणून बारकीची शाळा संपेपर्यंत ताई एका बुटांच्या दुकानात उभी राहिली. लोकांच्या पायांत बूट चढवून बघायचे, परत खोक्यात भरायचे. मग त्या साठवलेल्या पगाराच्या आधारावर दोघींनी बरोबरच ग्राफिक डिझाइनच्या कोर्सला प्रवेश घेतला. ताई दोन वर्षं कुणासाठी थांबली हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

दोघींची खोली एक आणि टेबलही एक. टेबल म्हणजे काकांनी कुठूनसं आणलेलं जुनं दार, दोन स्टुलांवर आडवं टाकलेलं. कुलपाच्या भोकातून कॉम्प्युटरची वायर खाली सोडलेली. एका अंगाला ताईच्या रंगांच्या बाटल्या, दुसऱ्या अंगाला बारकीचे कागद. ताईचा हात रंगात पक्का होता. पिवळ्याशेजारी कुठला करडा ठेवला की पिवळा उजळतो, हे तिला न शिकवता कळायचं. बारकीला अक्षरांचं वेड. रस्त्याने चालताना ती दुकानांच्या पाट्या वाचायची नाही, नुसती बघायची, आणि खांबाला धडकायची.

शेवटच्या वर्षाचं काम दोघींनी मिळून केलं. भाजीपाल्याच्या बियांची पाकिटं. प्रत्येक पाकिटावर मधोमध कापलेली एक भाजी आणि खाली तिचं नाव. भाज्या ताईने रंगवल्या, नावांची अक्षरं बारकीने काढली. भाजी कापून दाखवायची ही कल्पना मूळ कुणाची, ते मात्र दोघींनाही सांगता आलं नसतं. एकीने सुरुवात केली, दुसरीने वाक्य पुरं केलं, असंच काहीतरी झालं होतं.

अक्षरांचं तसं नव्हतं. ती कुठून आली ते बारकीला नेमकं ठाऊक होतं. मावशी लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. कपड्यांच्या गाठोड्यांवर गिऱ्हाइकांची नावं जाड मार्करने लिहायची. मार्कर सुकत आलेला असायचा, त्यामुळे नावाची सुरुवात ठसठशीत आणि शेवट फिका, ओरखडल्यासारखा. लहानपणी लॉन्ड्रीतल्या बाकावर बसून बारकीने ती नावं तासन्‌तास न्याहाळली होती. पाकिटांवरची अक्षरं तशीच सुरू व्हायची आणि तशीच विरत जायची. हे सगळं तिने ताईला स्वयंपाकघरात भांडी घासता घासता सांगितलं होतं.

काम बघून कोर्सचे सर खूश झाले. म्हणाले, "आता हे दोघींच्याही पोर्टफोलिओत जाणार. मुलाखतीत पहिला प्रश्न येईल, यातलं तुझं किती? काय सांगायचं ते आत्ताच ठरवून घ्या."

"त्यात काय ठरवायचं?" ताई म्हणाली. "दोघींचं म्हणून सांगू."

कोर्स संपला आणि अर्जांचे दिवस सुरू झाले. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच यायचं नाही. जिथून यायचं तिथे अनुभव हवा असायचा. एका कंपनीने नमुना म्हणून दोघींकडून एकेक पोस्टर करून घेतलं, मग तिथला फोन कुणी उचलेना. "अनुभव घ्यायला नोकरी पाहिजे, नोकरीला अनुभव पाहिजे," काका म्हणायचे. "माझ्या बसचं बरं आहे. कुणीही चढा." सुरुवातीला दोघी हसायच्या. मग ताई हसेनाशी झाली. ती दिवसभर पलंगावर पडून फोन बघायची. बुटांच्या दुकानाचा मालक रस्त्यात भेटला की विचारायचा, परत येतेस का? त्याला टाळायला ती लांबच्या रस्त्याने जायची.

मग एका चांगल्या स्टुडिओतून ताईला बोलावणं आलं. ती जाऊन आली आणि कसं झालं विचारलं तर नुसतं "ठीक" म्हणाली. आठवड्याने फोन आला. ताईला घेतलं होतं, पुढच्या महिन्यापासून. मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने ताईला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने बारकीलाही ओढलं. काकांनी केक आणला, त्यावर ताईचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं. ते दुरुस्त करायचं की नाही यावर सगळे हसून बेजार झाले.

बारकीनेही पूर्वी त्याच स्टुडिओत अर्ज टाकला होता. ती ते विसरूनही गेली होती. ताईला नोकरी लागल्यानंतर थोड्याच दिवसांत तिलाही तिथून ईमेल आली. शिकाऊ म्हणून एक जागा आहे, भेटायला या. तिने घरात कुणाला सांगितलं नाही. दोघी एकाच ठिकाणी कामाला, ही बातमी ती जागा पक्की झाल्यावरच फोडायची, असं तिने मनाशी ठरवलं. जाताना तिने ताईचाच पांढरा शर्ट घातला.

स्टुडिओचे मालक वयस्कर होते, बोलायला शांत. चष्मा कपाळावर चढवून ते पोर्टफोलिओची पानं अगदी जवळून बघत होते. बियांच्या पाकिटांशी आले आणि थांबले.

"हे आम्ही पाहिलंय," ते म्हणाले.

"हो सर, माझी बहीण आली होती. हे आम्ही दोघींनी मिळून केलंय."

"तिने तसं सांगितलं नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "सगळं काम आपलं एकटीचं आहे, असं ती म्हणाली."

बारकीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "नाही, म्हणजे चित्रं तिची आहेत. अक्षरं मी काढलीत."

"अक्षरांबद्दलच तर मी तिला मुद्दाम विचारलं होतं, कारण रंगांच्या खालोखाल मला तीच आवडली. तिची आई लॉन्ड्रीत काम करते. गाठोड्यांवर मार्करने नावं लिहिते. मार्कर सुकत आलेला असतो, म्हणून सुरुवात जाड आणि शेवट फिका. त्यावरून तिला सुचलं. बरोबर आहे का हे?"

"बरोबर आहे."

"मग तुमचं काय म्हणणं आहे?"

तिला सांगण्यासारखं एवढंच होतं, की आईच्या जागी मावशी घाला आणि बाकीचं तसंच्या तसं माझं समजा. ते तिच्या स्वतःच्याच कानाला पाठ करून आल्यासारखं वाटलं. शिवाय त्या घरात राहून, त्यांचं खाऊन, अंगावर ताईचा शर्ट घालून, ताई खोटं बोलली हे वाक्य तिच्या तोंडातून फुटेना.

"काही नाही," ती म्हणाली.

त्यांनी पोर्टफोलिओ मिटला आणि अलगद तिच्याकडे सरकवला. "तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. दुसऱ्याचं काम आपल्या फाइलमध्ये लावत जाऊ नका. हे क्षेत्र फार लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. मी हे कुणाजवळ बोलणार नाही. तुमच्या बहिणीजवळही नाही."

"थँक्यू सर," बारकी म्हणाली. जिना उतरताना आपण थँक्यू म्हणालो हे तिच्या लक्षात आलं, आणि लाजेने तिचं तोंड तापलं.

घरी मावशी ताईसाठी नव्या नोकरीचे कपडे इस्त्री करत होती. लॉन्ड्रीतून दमून आल्यावर पुन्हा इस्त्री. बारकी सरळ खोलीत गेली. ताई टेबलापाशी होती.

"मी तुझ्या स्टुडिओत जाऊन आले."

ताईने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. कशाला, का, काहीही तिने विचारलं नाही. म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

"त्यांनी विचारलं, हे तुझं का?" ताई म्हणाली. "मी हो म्हटलं. एक शब्द गं. पुढे दोघींचं असं सांगणारच होते. पण तेवढ्यात ते म्हणाले, सगळं? आणि इतके खूश दिसले... मला पुन्हा हो म्हणावं लागलं."

"आणि मार्करची गोष्ट?"

"ती माझ्या आईचीच आहे ना?" ताईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बारके, मला परत ते बूट उचलायचे नव्हते. तुला अजून मिळेल. तू लहान आहेस, तुझा हात चांगला आहे. माझं काय होतं सांग ना."

बारकीला खूप काही बोलायचं होतं, पण बुटांचं नाव निघालं आणि तिचं तोंडच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी ती मावशीचा डबा घेऊन लॉन्ड्रीत गेली. वाफेने काचा धुरकटल्या होत्या. मावशीने इस्त्री खाली न ठेवताच बोलायला सुरुवात केली. "काल ऐकलं मी सगळं. आपल्या घराच्या भिंती म्हणजे पुठ्ठाच आहे. ती चुकलीच. मी तिची बाजू घेत नाही. पण आता तू तिथे जाऊन काही बोलू नकोस."

"मी बोलणार नव्हतेच."

"मी तुला कधी वेगळं मानलंय का?"

"नाही मावशी."

"मग झालं तर," मावशी म्हणाली आणि तिने शर्टाची दुसरी बाही पालथी घातली.

ताई कामावर जाऊ लागली. बारकीने पाकिटं आपल्या पोर्टफोलिओतून काढून टाकली. उरलं ते फारच थोडं होतं. मुलाखतीत पानं संपली की समोरचा माणूस विचारायचा, "अजून काही?" आणि तिला नाही म्हणावं लागायचं. शेवटी ती कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात लागली. व्हिजिटिंग कार्डं, जागा भाड्याने देण्याच्या नोटिसा, हरवलेल्या मांजरांची पत्रकं. दुकानाचा मालक बडबड्या होता आणि त्याला प्रत्येक गोष्ट मोठी हवी असायची. "मोठं कर, अजून मोठं कर, गिऱ्हाईक आंधळं असतं."

एका रविवारी ताईने एक प्रिंटआउट तिच्यापुढे ठेवली. साबणाच्या वेष्टनावरचं नाव, एकच शब्द. "काय चुकतंय तेवढं बघ. ते तीनदा परत पाठवलंय त्यांनी."

बारकीला एका नजरेत कळलं. अक्षरांमधल्या जागा फसल्या होत्या, शब्द मधेच तुटत होता. तिने पेन्सिलीने दोन खुणा केल्या. मग राहवेना म्हणून एक अक्षर नव्याने काढलं. त्याच्याशी जुळेना म्हणून बाकीचीही काढली. काम चांगलं होत गेलं तसा तिचा राग कुठेतरी विरून गेला, आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली. ताईने जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. सोमवारी ते काम पसंत पडलं.

मग ते सुरूच राहिलं. दर थोड्या दिवसांनी ताई काहीतरी आणायची, आधी मान खाली घालून, पुढे पुढे सहज, जशी बाजारातून येताना कुणी पिशवी हातात देतं तशी. बारकी करायची. मावशी चहाचा कप आणून टेबलावर ठेवायची आणि दार लोटून घ्यायची.

लहान मुलांच्या एका दवाखान्यासाठी केलेली अक्षरं सगळ्यांत सुरेख झाली. गुबगुबीत, जरा कललेली, एकमेकांना टेकून उभी राहिल्यासारखी. ती दवाखान्याच्या अख्ख्या भिंतीवर रंगवली गेली. बारकी ती बघायला काकांच्याच बसने निघाली, त्यांच्या मागच्या सीटवर बसून. वळण आल्यावर काकांनी बस मुद्दाम हळू केली.

"ती भिंत दिसतेय का?" शेजारी उभ्या असलेल्या बाईंना ते म्हणाले. "माझ्या मुलीने केलंय ते." मग आरशातून बारकीकडे बघून डोळे मिचकावले. "काय गं बारके, आहे की नाही झकास? अक्षरं बघ कशी, उचलून पापा घ्यावासा वाटतो."

काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या कानावर काही जाऊ नये याची तिघींनीही काळजी घेतली होती.

"हो काका," बारकी म्हणाली. "छान आहेत."

बाईंनीही मान डोलावली. बस पुढे गेली. बारकी मागे वळून भिंत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. आपल्याला आनंद झालाय की रडू येतंय, हे तिचं तिलाच कळेना.

त्याच आठवड्यात ताई नवं काम घेऊन आली. एका नाट्यगृहाचं होतं, मोठं. पूर्ण अक्षरसंच करायचा होता.

"करते," बारकी म्हणाली. "पण माझं नाव लाव त्यावर."

"आता कसं लावू? काय सांगू त्यांना?"

"जे खरं आहे ते."

"काढून टाकतील मला."

"मग मला नाही जमायचं ताई."

ताईला ते आधी खरं वाटलं नाही. मग ती रडली, मग भांडली. मी तुझ्यासाठी दुकानात उभी राहिले, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर पडलं. ते ऐकताना बारकीला विचित्र वाटलं, कारण स्वतःला ती हे रोजच ऐकवत आली होती. ताईच्या तोंडून आल्यावर ते उलट हलकंच वाटलं. ती हो म्हणाली नाही.

ताईने स्वतः प्रयत्न केला. काही दिवस टेबलाच्या तिच्या बाजूला खोडलेल्या कागदांचा खच पडायचा. मग एका संध्याकाळी ती लवकर घरी आली आणि खांद्यावरची बॅगही न काढता पलंगावर बसली.

"मी नेलेली अक्षरं बघून मालकांनी मला समोर बसवलं आणि काढायला सांगितलं," ती म्हणाली. "दोन अक्षरं. नाही आली. मग सगळं सांगून टाकलं."

"काय म्हणाले?"

"ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं." ताई आपल्या हातांकडे बघत होती. "म्हणाले, रंगांसाठीच तर मी तुला घेतलं होतं. अक्षरं कुणाचीही आणता आली असती. तू सांगितलं असतंस, तर दोघींनाही घेतलं असतं. आता तुला ठेवता येणार नाही, तुझ्या शब्दावर मला काम करता यायचं नाही." तिने बॅग खांद्यावरून उतरवली. "तुला फोन करतो म्हणाले."

तो फोन आला नाही. बारकीने काही आठवडे वाट पाहिली, दुकानात यंत्राच्या आवाजात ऐकू यावा म्हणून फोन हातातच धरून ठेवायची. मग तिने तो पुन्हा पिशवीत ठेवायला सुरुवात केली.

मावशीने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. ती तिच्याशी बोलेनाशीच झाली, एवढंच. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, तिचे शर्टसुद्धा कडक इस्त्री करून ठेवायची, पण नजर उचलायची नाही. ताई दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. आपली नोकरी का गेली ते काकांना तिने सांगितलं नव्हतं. ते बिचारे सगळ्यांची तोंडं बघत फिरायचे आणि अवेळी विनोद करायचे. बारकीला त्या घरात श्वास घेणं जड झालं. छपाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, ती तिने घेतली.

सामान न्यायला काका आले. गादी खांद्यावर घेऊन जिना चढताना त्यांना धाप लागली. गादी टाकून ते तिच्यावरच बसले आणि घाम पुसत म्हणाले, "कशावरून झालं एवढं? मला कुणी सांगतच नाही."

"काही नाही हो काका. दोघींना एका टेबलावर काम जमेना."

"एवढंच?"

"एवढंच."

काकांचा विश्वास बसला नाही, पण ते उठले. दारातून वाकून निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचा सगळा काळ बारकीने दुकानातल्याच कामांतून नवा पोर्टफोलिओ जमवण्यात घालवला. एका घड्याळजीची पाटी, पियानो शिकवणाऱ्या बाईंचं कार्ड, मांजरांच्या पत्रकांचं एक नेटकं रूप. मालक म्हणायचा, "एवढी मेहनत कशाला, उद्या कचऱ्यात जाणार ते." ती मोठं करायची, आणि मग स्वतःसाठी एक प्रत हवी तशी करून ठेवायची. एकटीने केलेलं हे काम पाकिटांइतकं चांगलं नव्हतं, हे तिला दिसत होतं. भाजीच्या पोटातला तो पिवळा तिला कधीच साधला नाही.

शेवटी औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या एका कंपनीत तिला डिझाइनर म्हणून घेतलं. बारीक अक्षरं, ठरलेले रंग, चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतणार. त्या कामात मिरवण्यासारखं काही नव्हतं. पण दारावरच्या यादीत तिचं नाव होतं.

पहिल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती इमारतीच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. ही बातमी कुणाला तरी सांगावी असं तिला फार वाटत होतं. काका ड्युटीवर असणार. मावशी फोन घेईल की नाही, याची खात्री नव्हती. तिने ताईला फोन लावला. ताई एका दातांच्या डॉक्टरांकडे समोरच्या टेबलावर बसते, रुग्णांना वेळ देते, असं काकांकडून कळलं होतं.

ताईने लगेच उचलला. "बोल," ती म्हणाली. मागे कुठेतरी यंत्राची बारीक घरघर चालू होती.

"कशी आहेस?"

"ठीक. तू?"

"मीही ठीक. मावशी कशी आहे?"

"गुडघा दुखतो तिचा. फार वेळ उभं राहवत नाही. डॉक्टर बसून काम करा म्हणतात, आता इस्त्री बसून कशी करायची?"

"शेक दे म्हणावं."

"देते ती."

फोन आधी कुणी ठेवायचा, ते दोघींना ठरेना. मग ताई म्हणाली, "पेशंट आलेत, ठेवते," आणि बारकी म्हणाली, "हो, ठेव." नोकरीचं सांगायचं राहूनच गेलं. सुट्टी संपायला अजून वेळ होता, तरी ती उठली, कपडे झटकले आणि आत कामावर गेली.